मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद का?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील शेतकरी असून हौसेखातर मर्सिडीज एसएलके २०० ही जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार बाळगून आहे. पुढे ७.५ इंच रुंदीच्या रिमवर २२५/४५ आर १७ आणि मागे ८.५ इंच रिमवर २४५/४० आर १७ असे टायर आहेत. मागचे लवकर झिजतात आणि पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. एका टायरवाल्याने चारही २२५ घ्या म्हणून सांगितले. दुसरा म्हणतो, मागे २६५ घाला, गाडी ट्रॅक्टरसारखी दणकट दिसेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. टायरच्या मापात पहिला आकडा (२२५) म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा (४५) म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि आर नंतरचा (१७) म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. २६५ चा विचार तर सोडूनच द्यावा, कारण त्या रुंदीच्या टायरला किमान ९ इंचाची रिम लागते, ८.५ वर तो आवळला जाऊन त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावर टायर डुलतो. ट्रॅक्टरचे मागचे चाक ओल्या रानात नांगर ओढण्यासाठी मोठे असते. आपल्या गाडीतील कारण निराळे आहे.

मागील चाकांना इंजिनाचा जोर मिळत असल्यामुळे वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या टायरना गाडी पुढे ढकलणे आणि तिला बाहेर घसरू न देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. म्हणून त्यांना पुढच्यांपेक्षा अधिक पकड दिलेली असते. पकडीची मर्यादा ओलांडली तर आधी पुढचे टायर घसरावेत, गाडी वळणाबाहेर जाऊ लागावी आणि चालकाने साहजिकच वेग कमी करावा, असा तो हिशेब आहे. २२५ चा टायर ८.५ च्या रिमवर बसतो, हे खरे, आणि उंचीतही जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. परंतु मागची पकड कमी झाल्याने पावसात गाडीची शेपटी, म्हणजे मागचा भाग, आधी घसरू शकते आणि ती सावरणे सामान्य चालकाला जड जाते. माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा ८६ या गाड्याही मागील चाकांवरच चालतात आणि त्यांना चारही टायर सारखे असतात, असे कोणी म्हणेल. पण त्यांचे सस्पेन्शनच त्या मापांसाठी बेतलेले आहे. उलट पोर्शे ९११ चे इंजिन मागील आसाच्याही मागे असल्यामुळे तिच्या अलीकडच्या कॅरेरा मॉडेलला पुढे २३५ आणि मागे २९५ असे टायर दिलेले आहेत.

आपल्या भागासाठी मला वेगळाच मार्ग बरा वाटतो. याच पिढीच्या एसएलके २०० ला कंपनीने १६ इंची चाकेही दिली होती : पुढे ७ इंच रिमवर २०५/५५ आणि मागे ८ इंच रिमवर २२५/५०. रुंदीतला फरक कायम राहतो, पण टायरची बाजूची भिंत पुढे सुमारे १०१ वरून ११३ आणि मागे ९८ वरून ११२ मिलिमीटर होते, आणि गावाकडच्या खड्ड्यांत हीच वाढ रिम वाचवते. शिवाय २०५/५५ आर १६ हे माप ऑक्टाव्हिया आणि कोरोलामुळे सहज मिळते. जुनी रिम घेताना ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे बसते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) कंपनीचाच आहे ना, हे रिमवर कोरलेल्या अंकांवरून तपासावे. तो चुकला तर टायर आतून सस्पेन्शनला किंवा बाहेरून मडगार्डला घासतो. हवेचा दाब पेट्रोलच्या झाकणाच्या आतील तक्त्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरावा. भर उन्हात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये.

पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी आणल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले, तर लगेच बॅलन्सिंगला पैसे घालू नयेत. रुंद रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा गोळा बसून वाळतो, आणि तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो. आधी आतून धुऊन पाहावे. मागचे टायर बदलताना मात्र दोन्ही एकदम आणि एकाच नक्षीचे घ्यावेत.