त्यांचे पांढरे केस आणि माझे

प्रश्न: ताई, मी ५१ वर्षांची आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात २४ वर्षं काम करते आहे, त्यातली ९ वर्षं डेप्युटी मॅनेजर म्हणून. विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा ती जागा मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. मुलाखतीत विचारलं, "मॅडम, या वयात कस्टमरकडची धावपळ झेपेल का?" निवड झाली ५३ वर्षांच्या सहकाऱ्याची. मी ३४ची होते तेव्हा याच कंपनीत "मुलगी लहान आहे, तुम्हाला कुठे दौऱ्यावर पाठवायचं" म्हणून माझं नाव मागे ठेवलं होतं. मग माझं योग्य वय आलं कधी आणि गेलं कधी? घरचे म्हणतात, ७ वर्षं राहिली, आता कशाला वाकडं घ्यायचं. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातला ५३ हा आकडा मी दोनदा वाचला. वय आड येत होतं, तर ते त्यांच्या आड का आलं नाही? त्यांचे पांढरे केस अनुभवाच्या खात्यात जमा झाले आणि तुमचे थकव्याच्या.

मी १९८२ साली बँकेत क्लार्क म्हणून लागले, चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झाले. केबिनमध्ये मी बसलेली असताना दारातून डोकावून "साहेब कुठे गेलेत?" विचारणारे ग्राहक रोजचेच. त्यांचा मला राग येत नसे. एकदा काम झालं की पुढच्या वेळी ते मलाच शोधत येत. राग यायचा प्रमोशनच्या इंटरव्ह्यूचा. "बदली झाली तर घरचं कोण बघणार?" हे माझ्याबरोबरच्या एकाही पुरुषाला विचारलं नव्हतं. पहिल्या खेपेला मी ओशाळून म्हणाले, "सासूबाई आहेत घरी." ते उत्तर दिल्याची खंत मला अजून आहे. पुढच्या खेपेला मी शाखेच्या वसुलीचे आकडे सांगितले आणि म्हणाले, ऑर्डर निघाली की हजर होईन. तेव्हा झालं.

मी नोकरीला लागण्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला होता. नर्गिस मिर्झा प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. पहिलं गरोदरपण आलं की नोकरी संपायची, आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर असायचं. कोर्टाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी, दोन्ही रद्द केलं. नोकरीला लागल्यापासून चार वर्षं लग्न करायचं नाही ही अट मात्र राहू दिली, ते मला आजही पटत नाही. पण त्या बायकांना एक सोय होती: त्यांच्यावरचा अन्याय नियमात छापलेला होता. तुमच्या बाबतीत तो तोंडी आहे. खासगी नोकरीत वयावरून बढती नाकारली, तर तिच्यावर सरळ बोट ठेवता येईल असा कायदाही आपल्याकडे नाही.

म्हणून तोंडी आहे ते कागदावर आणा. एचआरला ईमेल करा: मुलाखत कोणत्या तारखेला झाली, काय विचारलं, समोर कोण होते. खाली तुमचं काम लिहा, किती कस्टमर ऑडिट हाताळली, रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आणलं, तक्रार आली तेव्हा कस्टमरच्या प्लांटवर कितीदा गेलात. धावपळीची शंका होती ना, तर धावपळच मोजून द्या. शेवटी एवढंच मागा: निवडीचे निकष काय होते आणि मी कशात कमी पडले, ते लेखी कळवावं. सहकाऱ्याबद्दल एक अक्षर लिहू नका. त्यांच्या हाताखाली काम करायचं आहे आणि निर्णय त्यांनी घेतलेला नाही.

ईमेल गेल्यावर ती जागा मिळेल असं मी म्हणणार नाही. ती बहुधा गेली. पण पुढच्या मुलाखतीत हा प्रश्न तुम्हाला किंवा तुमच्यामागून येणाऱ्या मुलींना विचारताना कुणीतरी थबकेल.

आणि घरच्यांना सांगा, अठ्ठावन्नला निवृत्ती धरली तर त्या सहकाऱ्यांची ५ वर्षं उरली आहेत. कंपनीला ती पुरेशी वाटली. तुमची ७ आहेत.