गाय म्हणजे उशी, मांजर म्हणजे नको

(मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की परकी भाषा शिकताना नवे शब्द लक्षात कसे ठेवता, आणि त्यात कोट्या-विनोद वापरता का. पत्रं आणि मेल बरेच आले. जर्मनवाले, फ्रेंचवाले होतेच, पण जपानी शिकणाऱ्यांनी अक्षरशः धाड घातली, म्हणून हा महिना त्यांचा. जर्मनवाल्यांनी रुसू नये.)

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत आहे, वय बेचाळीस. क्लायंट जपानी, त्यामुळे कंपनीने एन-फाइव्हच्या (जपानीच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या परीक्षेच्या) क्लासला बसवलंय. व्याकरण बऱ्यापैकी जमतं पण शब्द टिकत नाहीत. क्लासमधली कॉलेजची पोरं प्रत्येक शब्दावर काहीतरी पाचकळ जोक मारतात आणि त्यांना सगळं पाठ! मी आपला वहीत एकेक शब्द वीस वेळा लिहितो. ते पोरकटपणा करतायत की मी वेळ घालवतोय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही वेळ घालवताय, दादा. राग मानू नका. पण मला सांगा, इंद्रधनुष्याचे रंग आजही कसे आठवता? तानापिहिनिपाजा. आणि पोराला गणित शिकवताना कंस आधी की भागाकार आधी असं झालं की तोंडातून काय येतं, कंचेभागुबेव. वृत्तं शिकलेल्यांना यमाताराजभानसलगा अजून झोपेत म्हणता येतं. म्हणजे आपण सगळे याच पोरकटपणावर शाळा पास झालोय, फक्त मोठेपणी त्याची लाज वाटायला लागते.

आणि हे नुसतं माझं मत नाही. 1975 साली स्टॅनफर्डमध्ये अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोघांनी विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. एका गटाला सांगितलं की रशियन शब्दासारखा ऐकू येणारा एखादा इंग्रजी शब्द पकडा आणि त्याचं अर्थाबरोबर एक चित्र डोक्यात बनवा, दुसऱ्या गटाने आपापल्या पद्धतीने पाठ केलं. नंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाला 72 टक्के शब्द आले, दुसऱ्याला 46.

यातला "चित्र" हा भाग लोक विसरतात. नेको म्हणजे मांजर, आणि नेको हे नको सारखं वाटतं, एवढ्यावर थांबलात तर परीक्षेत नको आठवेल आणि मांजर पळालेली असेल. बशीत दूध आहे, मांजर तोंड फिरवून "नको" म्हणतेय, असं डोळ्यासमोर आणायचं. उशी म्हणजे गाय, तर गाय उशीवर डोकं टेकून घोरतेय. कासा म्हणजे छत्री, बाहेर धो धो पाऊस आणि दारात तुम्ही, "जाऊ कसा?" मोरी म्हणजे जंगल, घरच्या मोरीत झाडं उगवलीयत आणि मधून वाघ बघतोय. उमा म्हणजे घोडा, इथे प्रत्येकाच्या ओळखीत एक उमा असतेच, तिला बसवा घोड्यावर. नाना म्हणजे सात, एका ओळीत सात नाना उभे करा, सगळे टोपीवाले. चित्र जितकं चमत्कारिक तितकं बरं, सभ्य चित्र कुणाला आठवत नाही.

आणि मराठी माणसाला जपानीत एक वशिला आहे जो इंग्रजीवाल्याला नाही. आपण "खाता का?" म्हणतो, ते "ताबेमासु का?" म्हणतात. प्रश्नाचं का आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. "हो ना" मधला आपला ना आणि त्यांचा ने हे तर सख्खे भाऊ वाटतात. गंमत म्हणजे का चा अर्थ डाससुद्धा होतो, त्यामुळे "डास आहे का?" विचारायचं तर "का देसु का?" हे मी क्लासमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारची मुलगी इतकी हसली की सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, दोघींना बाहेर काढायचं बाकी ठेवलं, पण डासाला जपानीत काय म्हणतात हे आम्ही दोघी या जन्मात विसरणार नाही.

वही ठेवा, पण वीस वेळा नाही, एकदाच लिहा आणि बाजूला ती कोटी लिहा. वही बायकोला दाखवू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. ऑडिट आलं की जपानी साहेब फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्या) विचारतात. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. बोर्डावर रोज वाचतो तरी विचारलं की पहिल्या तिनांची खिचडी होते. काहीतरी आयडिया द्या, पोरांना पण शिकवीन.
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : भाऊ, पहिल्या चारही शब्दांची सुरुवात सेइ आहे, म्हणून खिचडी. तो सेइ सोडून द्या आणि शेपटीकडे बघा. फक्त पहिल्याच्या शेपटीवर कोटी जमत नाही, तिथे अख्खा शब्द घ्या.

सेइरी ऐकलं की सैरावैरा आठवा. शॉपफ्लोअरवर सैरावैरा पडलेलं सामान, त्यातलं कामाचं कुठलं आणि भंगार कुठलं हे वेगळं करणं म्हणजे सेइरी. मग सेइतोन, तोन म्हणजे आपलं तोंड, प्रत्येक पान्याचं तोंड एका दिशेला, प्रत्येकाची जागा ठरलेली. सेइसो मधला सो म्हणजे सोवळं, मशीन पुसून, झाडून चकाचक. क्रमही आपोआप लागतो कारण आधी पसारा काढल्याशिवाय मांडता येत नाही आणि मांडल्याशिवाय झाडता येत नाही. तुमच्या घरी दिवाळीआधी बायको हेच करते, तिला कुणी ऑडिटचं सर्टिफिकेट देत नाही एवढंच.

सेइकेत्सु जरा अवघड. त्याचा अर्थ असा की पहिल्या तीन गोष्टी एकदा करून सोडायच्या नाहीत, रोज तशाच ठेवायच्या. त्याला मी के-त-सु करून टाकलंय, "केलंत ते सुरू ठेवा". फक्त एक सांभाळा, सेइ खाऊन नुसतं केत्सु म्हणू नका, जपानीत त्याचा अर्थ ढुंगण होतो, आणि साहेब समोर असेल. (आता हा शब्द तुम्हाला कायमचा पाठ झालाय, बघा.) आणि शित्सुके म्हणजे शिस्त. इथे कोटी करायला देवाने काही शिल्लकच ठेवलं नाही.

प्रश्न : चि. ताईस आशीर्वाद. माझा मुलगा-सून टोकियोला असतात, मी दरवर्षी दोन-तीन महिने जाते. नातू तिकडच्या शाळेत जातो, दुसरीत आहे. तो घरी येऊन "फुतोन गा फुत्तोंदा" म्हणतो आणि लोळून हसतो. मी पण हसते पण कळत काही नाही. मला व्याकरण वगैरे नको, नातवाबरोबर हसता येईल एवढं जपानी हवंय.
— एक आजी, सांगली

उत्तर : काकू, आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचा अभ्यासक्रम मला सगळ्यात जास्त आवडला.

फुतोन म्हणजे त्यांची गादी, जी दिवसा घडी करून ठेवतात किंवा गॅलरीत उन्हात टाकतात. फुत्तोंदा म्हणजे उडून गेली. "गादी उडाली", झाला जोक. असल्या कोट्यांना तिकडे दाजारे म्हणतात आणि त्यातही फार फुटकळ असेल तर ओयाजी ग्यागु, म्हणजे बापलोकांचा विनोद, तुमचा मुलगा करत असेल तसला. दुसरा एक जोक तितकाच प्रसिद्ध आहे, "आरुमि कान नो उए नि आरु मिकान". आरुमि कान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आणि तीच अक्षरं वेगळी तोडली की आरु मिकान, म्हणजे असलेलं संत्रं. डब्यावर ठेवलेलं संत्रं! आपल्याकडे कोटी ऐकून लोक कपाळाला हात लावतात, तिकडेही हुबेहूब तेच करतात. पुण्यात सिंहगड रोडवर जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर जी बाग केलीय तिला पु. ल. देशपांड्यांचं नाव आहे. जपानी बागेला कोटीबहाद्दराचं नाव, मला तरी हे एकदम योग्य वाटतं.

आता नातवाला चकित करायचं तर हे कोडं घाला. "पान वा पान देमो, ताबेरारेनाइ पान वा नानि?" म्हणजे पान तर आहे पण खाता येत नाही असं पान कोणतं? पान म्हणजे पाव. उत्तर आहे फुराइपान, फ्राइंग पॅन. त्याला ते आधीच येत असणार, तिकडच्या प्रत्येक पोराला येतं, पण आजीने विचारलं म्हटल्यावर तो उड्या मारेल.

आणि मग त्याला सांगा की तुझा पान आणि माझा पाव एकाच घरचे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1543 मध्ये ते जपानला पोचले, जाताना दोन्हीकडे शब्द टाकत गेले. आपला साबण तिकडे शाबोन झाला (शाबोनदामा म्हणजे साबणाचे फुगे, हे त्याला नक्की माहीत असेल), आपला तंबाखू तिकडे ताबाको. म्हणजे तुम्ही विमानात बसण्याआधीच तुमचे तीन शब्द तिकडे जाऊन बसलेत.

घरातली नातीही तुम्हाला सोपी जातील, मोठा भाऊ आनी, मोठी बहीण आने, आणि आई म्हणजे हाहा. खरंच. फक्त हाहा हे दुसऱ्याशी बोलताना स्वतःच्या आईबद्दल म्हणायचं, हाक मारायची तर ओकाआसान. हाहा म्हणून सुनेला हाक मारलीत तर तुम्ही हसताय असं तिला वाटेल.

अजून एक, दर महिन्याच्या 29 तारखेला तिकडे बऱ्याच दुकानांत मांसाची जाहिरात दिसते. कारण दोनचं नि आणि नऊचं कु, नि-कु म्हणजे मांस. आकड्यांची अशी कोटी करण्याला गोरोआवासे म्हणतात, शाळेतली मुलं पाचाचं वर्गमूळ 2.2360679 असंच पाठ करतात, "फुजिसान्रोकु ओउमु नाकु", फुजी पर्वताच्या पायथ्याशी पोपट ओरडतोय. आपल्याकडे वर्गमूळ पाठ करताना फक्त विद्यार्थी ओरडतात.

प्रश्न : मी नर्सिंग झालेली आहे, जपानमध्ये केअरगिव्हरच्या कामासाठी भाषा शिकतेय. मी सगळे शब्द मराठी कोट्या करून पाठ केले, पण तोंडी परीक्षेत हॉस्पिटलऐवजी ब्यूटी पार्लर म्हणाले आणि सगळे हसले. कोट्या सोडू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडू नकोस गं, पण कोटी कुठे दगा देते ते ओळख. तुझं ब्योओइन आणि बियोओइन झालं असणार, पहिलं दवाखाना, दुसरं पार्लर. कोटी शब्दाचा साधारण चेहरा लक्षात ठेवते, ऱ्हस्व-दीर्घ तिला कळत नाही, आणि आपण मराठी लोक दिन आणि दीन कागदावर वेगळे लिहितो पण बोलताना सगळं एकच. जपानीत ते चालत नाही. ओबासान म्हणजे मावशी-आत्या, ओबाआसान म्हणजे आजी, पन्नाशीच्या बाईला चुकून दुसरं म्हणालीस तर काय होईल ते सांगायला नको. शुजिन म्हणजे माझे मिस्टर, शूजिन म्हणजे कैदी. (इथे मी गप्प बसते.) स्वरही जपायचे, तुझ्या कामात "सुवात्ते कुदासाइ" म्हणजे बसा, आणि "सावात्ते कुदासाइ" म्हणजे हात लावा, पेशंट आजोबांना सांगताना नीट बघून. कावाइइ म्हणजे गोड, कोवाइ म्हणजे भीती वाटण्यासारखं, हे कुणाच्या बाळाला बघून म्हणायचे शब्द आहेत.

यावर इलाज म्हणजे बोटं मोजणं. त्यांच्या हायकूत पाच-सात-पाच मोजतात ते याच मापाने. ओ-बा-सा-न चार बोटं, ओ-बा-आ-सा-न पाच. ब्यो-ओ-इ-न चार, बि-यो-ओ-इ-न पाच. कोटीने शब्द आला की बोटांनी तपास. आणि क्रियापदांना, विशेषणांना कोटी फार करू नकोस, ती सरळ वाक्यात घालून रोज बोल. मांजराचं चित्र काढता येतं, "वाट बघणे"चं काढत बसलीस तर बस निघून जाते.

प्रश्न : महोदया, भाषेची अशी थट्टा करून शिकणे मला पटत नाही. शब्दांचे मूळ शोधावे. जपानीत संस्कृतोद्भव शब्द आहेत काय?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, आहेत, आणि छान आहेत. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेले. यमाचा तिकडे एन्मा झाला, नरकाचा नाराकु, आणि काबुकीच्या (जपानी पारंपरिक नाटकाच्या) रंगमंचाखालच्या तळघरालाही नाराकुच म्हणतात. क्षण तिकडे सेत्सुना आहे. सुशीच्या भाताला शारी म्हणतात, ते शरीर वरून, बुद्धाच्या अस्थींसाठी आधी वापरलेला शब्द. त्यांची वर्णमाला आ का सा ता ना हा मा या रा वा अशी जाते, तुम्ही क पासून म पर्यंत आणि पुढे य र व म्हणून बघा, तो क्रम आपल्या व्यंजनांवरूनच बसवलाय.

आणि दान वरून गेलेला दान्ना. आधी दान देणारा यजमान, मग मालक, आणि आता बायका नवऱ्याला दान्ना म्हणतात. मूळ शोधलं, सर, थट्टा केलेली नाही, पण माझ्या क्लासमधल्या सगळ्या बायकांना हा शब्द एका दमात पाठ झाला आणि पगाराच्या तारखेला तर हमखास आठवतो म्हणे.