समुद्र थंड होतोय असं शास्त्रज्ञांनीच छापलं होतं, मग आकडे का बदलले?

तुमचा प्रश्न असा: ‘२००६ साली नासाच्याच माणसाने समुद्र थंड होतोय असा शोधनिबंध लिहिला. वर्षभरात आकडे फिरवले आणि पुन्हा समुद्र तापतोय म्हणू लागले. मग पातळी वाढतेय यावर तरी विश्वास का ठेवायचा? आमच्या अलिबागला तर काही फरक दिसत नाही.’

तुम्ही म्हणता तो निबंध खरंच आला होता. हे आधी कबूल करतो, कारण पुष्कळ जण ‘अफवा आहे हो’ म्हणून उडवून लावतात आणि विचारणाऱ्याचा संशय उलट पक्का होतो. लेखक तिघे: जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन. त्यातले विलिस नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा ७५० मीटरचा थर थंड झाला, असं त्यांनी लिहिलं आणि २००७ मध्ये त्यांनीच दुरुस्ती छापली. फक्त ‘फिरवले’ हा शब्द मला पटत नाही. का, ते सांगायचं तर आधी जहाजावर जायला हवं.

एम.एस्सी. झाल्यावर काही काळ मी एका प्रकल्पावर होतो. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर चढायचं आणि ठरावीक अंतर कापलं की मागच्या डेकवरून पाण्यात एक्सबीटी (एक्स्पेंडेबल बाथीथर्मोग्राफ, पाण्याचं तापमान मोजणारं एकदाच वापरायचं यंत्र) सोडायची, एवढंच काम. नाव भारदस्त, पण वस्तू हातात मावणारी. पुढे जस्ताचं जड नाक, मागे प्लॅस्टिकचे पंख आणि आत केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तशीच दुसरी गुंडाळी आपल्या हातातल्या नळकांड्यात. सोडली की दोन्हीकडून तार उलगडत जाते, नाकातला सेन्सर तापमान वर पाठवत राहतो, दोनेक मिनिटांत साडेसातशे मीटर खोली गाठतो आणि मग तार तुटते. यंत्र गेलं ते गेलंच. रात्री दोन वाजता डोळे चोळत उठायचं, वारा उलटा असला की तार बोटीच्या पत्र्याला घासायची आणि आलेखावर काटे उमटायचे. मग दुसरी सोडा. ‘मासा लागला का?’ हा प्रवाशांचा प्रश्न दर फेरीला ठरलेला.

यातली गोम अशी की एक्सबीटी तापमान मोजते, खोली मोजत नाही. सोडल्यापासून किती सेकंद झाले त्यावरून सूत्राने आपण खोली काढतो. आता समजा, ती सूत्रातल्या वेगापेक्षा जरा हळू पडतेय. ती असते ६९० मीटरवर आणि आमच्या वहीत येतं ७००. वरचं पाणी ऊबदार, खालचं गार. म्हणजे वरचं ऊबदार पाणी खालच्याच्या नावावर चढलं आणि समुद्र होता त्याहून गरम दिसला. जगभरच्या एक्सबीटींत नेमकं हेच होत होतं.

सन २००० च्या सुमारास आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप खाली-वर करणारी मोजयंत्रं, आले. माणसाच्या उंचीएवढा नळा. तो हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता नि दाब मोजून उपग्रहाला कळवतो. जितकं खोल तितका दाब जास्त, त्यामुळे दाब मोजला की खोलीचा अंदाज बांधावा लागत नाही. एक्सबीटी मागे पडत गेली, फ्लोट वाढत गेले. पण अटलांटिकमध्ये सोडलेल्या फ्लोटांच्या एका गटात सॉफ्टवेअरची चूक होती. तापमानाचे आकडे भलत्याच दाबासमोर लिहिले जात होते, खालचं गार पाणी वरच्याच्या नावावर. म्हणजे एक्सबीटीच्या बरोबर उलट. जरा गरम दाखवणारं यंत्र काढून त्याजागी जरा गार दाखवणारं बसवलं, तर समुद्र थंड झालेला दिसणारच. त्यात कुणाचा डाव नव्हता.

आता चूक सापडली कशी, ते बघा. शाळेत गुणाकार केल्यावर ताळा करायचो ना, तसा समुद्राच्या पातळीचाही ताळा करता येतो. पातळी वाढायची मुख्य कारणं दोनच: पाणी तापून फुगलं किंवा जमिनीवरचा बर्फ वितळून नवीन पाणी आलं. एकूण पातळी उपग्रह मोजतात. १९९२ साली टोपेक्स-पोसायडन गेला, मग जेसन मालिका. १३३६ किलोमीटरवरून रडारचा ठोका पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लाटा, भरती-ओहोटी यांचा हिशोब वजा करून कोट्यवधी ठोक्यांची सरासरी काढली की मिलिमीटर हाती लागतात. नव्या पाण्याचं वजन ग्रेस नावाच्या जोडउपग्रहांनी २००२ पासून मोजलं: दोघे एकामागोमाग, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर, खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा आधी ओढला जातो आणि ते अंतर किंचित बदलतं. आणि फुगवटा किती, हे फ्लोट सांगतात. पहिला आकडा म्हणजे उरलेल्या दोघांची बेरीज.

२००३ नंतर ही बेरीज जुळेना. पाणी थंड होऊन आकसतंय म्हणावं, तर पातळी चढतच होती. ती फक्त बर्फामुळे चढतेय म्हणावं, तर तेवढं वजन ग्रेसला सापडत नव्हतं. पृथ्वीवर येणारी आणि परत जाणारी ऊर्जा मोजणारे उपग्रहही थंडाव्याला दुजोरा देत नव्हते. तेव्हा विलिसनी आपलाच डेटा उसवायला घेतला आणि बिघडलेले फ्लोट हाती लागले. ते वगळल्यावर थंडावा गेला. त्या दोन-तीन वर्षांत मोठी तापमानवाढही उरली नाही, आणि तेही त्यांनी तसंच लिहिलं. पुढे एक्सबीटीची जुनी मोजमापं सुधारली, तेव्हा १९७० च्या दशकातल्या आलेखावरचा तापमानवाढीचा एक उंचवटाही उतरला. आकडे सोयीनेच बदलायचे असते, तर तो उंचवटा कोण उतरवेल?

हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा समुद्रात जातो. आपल्याकडच्या २८ अंशांच्या आसपासच्या पाण्याचा शंभर मीटर जाड थर एका अंशाने तापला तर सुमारे तीन सेंटीमीटर फुगतो. कागदावर करून बघा: एका मीटरला ०.३ मिलिमीटर. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी पातळी २० सेंटीमीटर वाढली. २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर.

आता अलिबाग. तिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यात शंभर वर्षांतली वीतभरही नसलेली वाढ डोळ्यांना कशी दिसणार? माझी आजी भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने सांगायची, चतुर्थी म्हणजे तीनला. ती वेळ आजही तशीच येते. फरक पडलाय तो भरतीच्या सरासरी उंचीत, आणि तो शोधायला दशकांच्या नोंदी लागतात. सुदैवाने तुमच्या समोरच, मुंबईच्या अपोलो बंदरावर, १८७८ पासूनची नोंद आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी अशा जुन्या नोंदींवरून उत्तर हिंदी महासागराचा वेग काढला: वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर. १९९३ ते २०१७ या काळात उपग्रहांच्या मोजणीवरून तो ३.३ निघतो. दोन्ही आकडे वेगळ्या पद्धतीचे आणि वेगळ्या लांबीचे आहेत, त्यामुळे वेग बरोबर अडीचपट झाला असं मी म्हणणार नाही.

आणि तुमच्या संशयाला खाद्य हवंच असेल तर हे घ्या: २०१६ नंतर ताळा पुन्हा फिसकटला. एकूण पातळी आणि दोन भागांची बेरीज यांत फट पडायला लागली. शोधल्यावर एक कारण सापडलं ते आर्गोच्या क्षारता मोजणाऱ्या सेन्सरांत. काही सेन्सर हळूहळू सरकून पाणी होतं त्याहून खारट दाखवत होते; खारट पाणी जड, म्हणून हिशोबात फुगवटा कमी यायचा. दुसरा दोष जेसन-३ मधल्या, हवेतल्या बाष्पासाठी दुरुस्ती देणाऱ्या उपकरणाचा निघाला. सरकलेल्या फ्लोटांची क्षारता आता हिशोबातून वेगळी काढतात, तापमान मात्र ठेवतात.