बेळगावात ४० डी मापाची फीडिंग ब्रा परवडणाऱ्या दरात कशी मिळेल? (आठवा महिना चालू आहे.)

ताई, तयार फीडिंग ब्रा शोधत फिरण्यापेक्षा ४० डी मापाची, तार नसलेली, पूर्ण कपाची साधी सुती ब्रा घ्या आणि तिला फीडिंग क्लिप (पाजताना कप उघडता येईल असा हूक) शिवून घ्या; हे बहुधा स्वस्त पडतं. कारण खडेबाजार, गणपत गल्लीकडे फीडिंग ब्रा मिळाल्या तरी मोठा कप मिळेलच असं नाही, मग ४२ बी हातात पडते. ती घेऊ नका. ४२ बीचा कप ४० सीएवढाच, म्हणजे तुमच्या मापापेक्षा लहान असतो आणि पट्टा मात्र सैल. तो पाठीवर वर सरकतो, सगळं वजन खांद्यावर येतं. नाइलाजच असेल तर ४२ सी चालेल, तिचा कप ४० डीएवढा असतो.

शिवताना खांद्याची पट्टी कपाच्या टोकाशी कापून तिथे क्लिप लावायची. कापलेल्या पट्टीच्या टोकापासून कपाच्या आतून, काखेच्या बाजूने, खालच्या पट्ट्यापर्यंत रुंद इलॅस्टिक नक्की जोडायला सांगा. बहुतेक वेळा हेच राहून जातं, आणि कप उघडला की पट्टी खांद्यावरून निसटते.

आत्ता एकच करून घ्या, सर्वांत सैल हुकावर नीट बसणारी. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो, तेव्हा घट्ट हूक लावता येतो. बाकीच्या दूध यायला लागल्यावर पुन्हा माप घेऊन करा, तेव्हा कप बहुधा एकाने वाढतो.

मात्र छातीत लाल, गरम गाठ आणि ताप आला तर ब्रा बदलून भागणार नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाजणं थांबवू नका.