खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाच रुपयांचं नाणं आणि एक स्क्रू पडला, दोन दिवसांनी सापडला. मासे ठीक दिसताहेत. सगळं पाणी बदलून टाकू का?

सगळं पाणी अजिबात बदलू नका. एकदम सगळं पाणी बदललं, तर टँकमधल्या जिवांना नाण्यापेक्षा त्याचाच धक्का जास्त बसेल.

तुम्ही लिहिलंय की टँक 70 लिटरचा आहे, कूलर बसवताना स्क्रू पडला आणि नाणं बहुधा मुलाने टाकलं. नाणं पिवळं आहे की पांढरं, हे लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. पांढरं पण जुनं, जाड नाणं असेल तर त्यातही मुख्यतः तांबंच असतं. पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यात जवळपास तीन चतुर्थांश तांबं असतं, बाकी जस्त आणि थोडं निकेल. दहाच्या जुन्या नाण्याची पिवळी कडाही मुख्यतः तांब्याचीच. एक-दोन रुपयांची अलीकडची नाणी मात्र स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. ती दोन दिवस पाण्यात राहिली तरी फार तर गंजाचा डाग पडतो. स्क्रूचंही तसंच. कूलरचे स्क्रू बहुतेक लोखंडाचे असतात, वर जस्ताचा पातळ मुलामा. लोखंड गंजून तळाशी बसतं, शेवाळाला थोडं खाद्य मिळतं, एवढंच. जस्त जास्त झालं तर श्रिम्प (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि गोगलगायींना बाधतं, पण एका स्क्रूवर ते असतं किती!

खरी भीती तांब्याची आणि पितळेची. गोड्या पाण्याचे टँक सांभाळलेल्यांना ही भीती पटत नाही, कारण तिथे असा एखादा तुकडा महिनोन् महिने पडून राहतो आणि काही बिघडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. त्यातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर पोखरतं. स्वयंपाकघरातलं 304 स्टीलसुद्धा त्यापुढे टिकत नाही, बारीक खड्डे पडून गंजतं. आणि खऱ्या समुद्रात तांबं इतकं कमी असतं, लिटरला एका मायक्रोग्रॅमहूनही कमी, की तिथल्या बिनकण्याच्या जिवांना जास्तीचं तांबं सोसतच नाही. श्रिम्पच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ स्वतः तांब्याचा असतो, तरीही.

तुमचं 'मासे ठीक दिसताहेत' हे वाक्य वाचून मला माझाच टँक आठवला, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझा 180 लिटरचा टँक आहे, इथे नागपुरातच. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पंपाचा पाइप सैल झाला म्हणून इतवारीतून एक पितळी क्लिप आणून आवळली होती. ती निसटून खालच्या फिल्टरच्या कप्प्यात स्पंजखाली जाऊन पडली. पत्ताच लागला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आई गोगलगायींकडे बघून म्हणाली, "हे शंख रोज सकाळी उताणे का पडतात रे?" मी उचलून काचेला लावायचो, ते परत गळून पडायचे. मग एक क्लीनर श्रिम्प कात टाकताना अर्ध्यातच मेला, चार दिवसांनी दुसरा. अमोनिया, नायट्रेट, खारटपणा, सगळं तपासलं, सगळं बरोबर. क्लाउनफिश मासे मजेत खात होते, त्यामुळे पाण्याचा संशयच आला नाही. बाहेर 45 अंश तापमान होतं, मी उन्हाळ्यालाच दोष देत बसलो. तीन आठवड्यांनी स्पंज धुवायला काढला तेव्हा ती क्लिप हाती लागली. कडेने हिरवट पापुद्रा आणि पिवळ्या पितळेवर गुलाबी-लाल चट्टे. चट्टे पडले होते तिथलं जस्त पाण्यात निघून गेलं होतं आणि भुसभुशीत तांबं तेवढं उरलं होतं. नऊ गोगलगायी आणि दोन श्रिम्प गेले. त्यातला एक श्रिम्प माझ्या बोटावर येऊन बसायचा.

मासे तांबं बरंच सहन करतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते त्यामुळेच. म्हणून माशांकडे बघून निर्णय घेऊ नका, गोगलगायींकडे बघा.

आता तुमचं. नाणं पिवळं असलं तरी दोन दिवसांत त्यातून फार तांबं सुटलं असेल असं मला वाटत नाही. पण 70 लिटर पाणी थोडं आहे, म्हणून हयगय नको. आज एक चतुर्थांश पाणी बदला, तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच. दोनदा बदललं की जुन्यातलं साधारण 56 टक्के उरतं, तिसऱ्यांदा 42. नवं पाणी आरओचंच घ्या, टँकसाठीचं समुद्री मीठ घालून काही तास पंपाने ढवळा, तापमान आणि खारटपणा जुळवूनच ओता. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, प्रत्येक बादलीचं मीठ विकतचं, हे मला माहीत आहे. तरी या दोन वेळी काटकसर करू नका. सोबत फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करायचा कोळसा) घाला, आणि तांबं शोषणारं रेझिन मिळालं तर तेही. कार्बन एकटा थोडंच ओढतो.

टेस्ट किटने शून्य दाखवलं तरी निर्धास्त होऊ नका. घरगुती किटला इतकं कमी तांबं दिसतच नाही, शिवाय तांबं दगडावर आणि वाळूवर जाऊन बसतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. मी क्लिप काढल्यावर दोन महिने रेझिन बदलत राहिलो, मग एकच गोगलगाय सोडली. ती तीन आठवडे काचेवर नीट फिरली तेव्हाच बाकीच्या आणल्या.

पुढे कधी काही पडलं तर आधी पंप-हीटरचे प्लग काढा, हातातली अंगठी काढा आणि मगच हात घाला. काच साफ करायचं चुंबक बाहेरून फिरवलंत तर लोखंडी वस्तू आतून काचेला चिकटून वर सरकत येते. चिकटली नाही तर पितळ समजून लगेच काढा. बटणाएवढा सेल पडला तर एक मिनिटही थांबू नका. आणि घरात कोणी तांब्याच्या तांब्याने टँकमध्ये पाणी भरत असेल तर तेवढं आजच थांबवा, प्लॅस्टिकचा मग द्या.

नाण्याचा रंग कळवा. आणि आज रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन पाहा, गोगलगायी काचेवर चढल्या आहेत की तळाशी उताण्या पडल्या आहेत. जे दिसेल ते इथेच लिहा, मी उद्या सकाळी बघतो.