वाचकांचे प्रश्न: प्रतिध्वनी आणि उलटा काळ

प्रश्न: क्वांटम प्रणालीत काळ मागे फिरवता येतो, असे वाचले. विस्कटलेली अवस्था खरोखर पूर्ववत होते का?

उत्तर: काळ मागे फिरत नाही, उलट दिशेने घडवली जाते ती प्रणालीची उत्क्रांती, म्हणजे तिच्या अवस्थेत काळानुसार होणारा बदल. सगळ्या कणांचे वेग उलटवले तर वायू पूर्वस्थितीकडे परतायला हवा, हा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये बोल्ट्झमन यांच्या, वायू आपोआप अधिकाधिक विस्कटलेल्या अवस्थेकडेच जातो या सिद्धांतावर घेतला होता. त्याचे मर्यादित, पण प्रत्यक्ष रूप भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हान यांनी १९५० साली दाखवले. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसल्याने अणुकेंद्रांचे स्पिन (त्यांचे सूक्ष्म चुंबकासारखे गुणधर्म) कमीअधिक गतीने फिरतात आणि त्यांचा एकत्रित संकेत विरून जातो; मात्र पहिल्या रेडिओ स्पंदानंतर (रेडिओ लहरींच्या छोट्या झटक्यानंतर) ठरावीक वेळाने दुसरे स्पंद दिले, की तेवढ्याच वेळाने तो संकेत पुन्हा उमटतो. यालाच स्पिन प्रतिध्वनी म्हणतात.

स्पिन एकमेकांवर परिणाम करत असतील, तर काम फार अवघड होते, कारण तेथे परस्परक्रियेचेच चिन्ह बदलावे लागते. (स्पंदांच्या कुशल मालिकेने तेही काही प्रमाणात साधले आहे.) येथे एक बारकावा आहे: एकाच नियमाने बदलणाऱ्या दोन क्वांटम अवस्थांमधील साम्य काळानुसार बदलत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या किंचित फरकावरून क्वांटम गोंधळ (केऑस, म्हणजे सूक्ष्म फरकाने पुढची वाटचाल खूप बदलणे) मोजता येत नाही. म्हणून १९८४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲशर पेरेस यांनी फरक अवस्थेत न ठेवता उत्क्रांतीच्या नियमात, म्हणजे हॅमिल्टोनियनमध्ये ठेवण्याचे सुचवले. प्रणाली आधी पुढे नेऊन मग उलट फिरवताना, परतीच्या प्रवासातील हॅमिल्टोनियन किंचित जरी वेगळा असला, तरी मूळ अवस्थेशी जुळण्याची संभाव्यता घटते. तिलाच लोश्मिट प्रतिध्वनी म्हणतात.