आधी शिल्लक मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची फाईल पोचली. तू विचारतेस, पोसून विकायच्या जनावरांच्या हिशेबात दर जनावरामागे पैसे सुटताना दिसतात, मग बँकेत का दिसत नाहीत? आणि खाद्याचा हिशेब ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? दुसऱ्या प्रश्नावर मी एक अक्षर लिहिणार नाही. पहिल्यासाठी तुझी फाईल दोनदा वाचली. आलेल्या मालाचा रकाना आहे, घातलेल्या खुराकाचा आहे, भावांचा आहे, रंगीत आलेख आहेत. महिनाअखेर गोदामात, मुरघासाच्या (दाबून, हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यात आणि शेडमध्ये प्रत्यक्ष काय उरलं, ते मात्र कुठेच नाही. ‘शिल्लक’ असं लिहिलंयस खरं, पण ती सूत्राने काढलेली: आलेलं वजा घातलेलं. ती तुझी अपेक्षा झाली. शिल्लक डोळ्यांनी बघायची आणि काट्यावर घालायची असते.

समज, पहिल्या तारखेला मक्याचा भरडा १२,००० किलो होता. महिन्यात ३०,००० किलो आला. मिक्सरच्या, म्हणजे खुराक मिसळायच्या काटा बसवलेल्या यंत्राच्या, नोंदीप्रमाणे ३१,५०० किलो जनावरांपुढे गेला. कागदावर उरले १०,५००. गोणी मोजल्या, ढीग काट्यावर घातला, तर निघाले ९,६००. हे ९०० किलो गेले कुठे? उंदीर, पाखरं, वारा, भिजलेला तळ, भरताना सांडलेलं, पावतीवर लिहिलेलं पण ट्रकमध्ये नसलेलं, नाहीतर सरळ चोरी. कारण नंतर शोधू. आधी एवढं डोक्यात बसव की त्या महिन्यात भरडा ३२,४०० किलो संपला. पैसे तू ३२,४०० चे दिलेस आणि जनावरांच्या खात्यावर टाकलेस ३१,५०० चे. मधल्या ९०० किलोंचा खर्च कुणाच्याच नावावर नाही. तुझा कागदावरचा नफा बँकेत न येता तिथे जिरतो. आणि हे एका मालाचं झालं. मुरघास, पेंड, सुका चारा, सगळ्यांचं असंच चाललेलं असणार. जनावरं विकत घ्यायचा खर्च सोडला, तर गोठ्याचा सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच असतो, त्यामुळे इथली तूट दुसरीकडून भरून निघत नाही. म्हणून शिल्लक मोज.

‘मुरघास कसा मोजणार?’ असं तू म्हणशीलच, सगळे म्हणतात. खड्ड्याची लांबी-रुंदी घे, उंची एका जागी न घेता पाच-सहा ठिकाणी घेऊन सरासरी काढ. घट्टपणासाठी (एका घनमीटरात किती किलो बसतात, त्यासाठी) पुस्तकातला आकडा उचलू नकोस. एका मापाचा तुकडा कापून काढ आणि वजन कर, एकदा वरच्या थरातून, एकदा खालून, कारण वरचा थर नेहमी भुसभुशीत असतो. यातही चूक राहील. राहू दे. मोजून झालेली चूक दर महिन्याला साधारण सारखीच असते आणि कळत जाते. न मोजता झालेली चूक विक्रीच्या दिवशी कळते. मुरघासात दहा-पंधरा टक्के नासाडी सहज होते, दाबणं कमी पडलं किंवा वर झाकलेला प्लास्टिकचा कागद फाटला तर त्याहूनही जास्त. खड्ड्याच्या उघड्या तोंडावरून रोज निदान १५ ते ३० सेंटिमीटर माल निघाला नाही, तर तो तापतो आणि कुजतो. हे तुला ठाऊक आहे. पण कुजलेलं बाजूला फेकलं जातं तेव्हा त्याचं वजन कोण लिहितं? तुझ्या फाईलीत कुणीच नाही.

आता मिक्सरच्या नोंदींकडे ये. तुझ्या फाईलीत रोज सकाळी भरडा ५००, मुरघास १,५००, पेंड १५०. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अगं, खरं वजन इतकं गोल येत नाही! ५१२ येतं, ४९३ येतं. बादली उलटी झाली की काटा पुढे जातो, आणि जास्त पडलेलं कुणी परत काढत नाही. तुझा माणूस काट्यावरचा आकडा न लिहिता, भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेला आकडा उतरवतोय. त्याच्यावर रागावू नकोस. भरायचं किती आणि भरलं किती, असे दोन रकाने दे, आणि दुसरा आकडा काट्यावर दिसेल तोच लिहायला सांग. मिक्सरचा काटाही महिन्यातून एकदा माहीत असलेल्या वजनाने तपास, चारही कोपऱ्यांवर. एका कोपऱ्याचा लोड सेल (वजन टिपणारा भाग) बिघडला की काटा बिनधास्त खोटं बोलतो. तो खोटं बोलतोय हे तुला कशावरून कळणार? शिल्लक मोजल्यावरून.

ओल्या-सुक्याचं तू अर्धवट केलं आहेस. मुरघासात सुका भाग, म्हणजे पाणी सोडून उरतं ते, साधारण ३० ते ३५ टक्के, दाण्यात ८८ च्या आसपास. दोघांचे किलोचे भाव शेजारी ठेवून ‘मुरघास स्वस्त’ असं लिहिलंयस, त्याला काही अर्थ नाही. सुक्या किलोचा भाव काढ, मग बोल. आणि पाऊस झाला, तोंड उघडं राहिलं, ३५ टक्क्यांचा मुरघास ३० वर आला, तर १,००० किलो घालूनही सुका भाग ३५० ऐवजी ३०० च जातो. काटा तेच दाखवतो, जनावर मात्र उपाशी राहतं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. १०० ग्रॅम नमुना मायक्रोवेव्हमध्ये ठेव, शेजारी पेलाभर पाणी ठेव म्हणजे पेटणार नाही, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत थोडं थोडं तापव. शेवटी जितके ग्रॅम उरतील तितके टक्के सुका भाग. (स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह वापरू नकोस, घरात बोलणी खाशील.)

भागाकारही चुकला आहे. १०० जनावरं, ३० दिवस, म्हणून तू ३,००० ने भागलंस. पण त्यातली २० जनावरं पंधराव्या दिवशीच विकली गेली होती. म्हणजे जनावर-दिवस झाले २,७००. सुकं खाद्य २७,००० किलो गेलं असेल, तर खरं उत्तर जनावरामागे रोज १० किलो, तुझं आलं ९. वजन रोज सव्वा किलो वाढत असेल, तर एक किलो वाढीला ८ किलो खाद्य लागतंय आणि तू ७.२ धरून भाव ठरवतेस. मेलेल्या जनावरानेही मरेपर्यंत खाल्लेलं असतं, त्याचे दिवसही धर. घरच्या शेतातला चारा फुकट लिहिला आहेस, तोही विकला असता तर जो भाव आला असता त्या भावाने लाव. जुना माल आधी संपला असं धरायचं की सरासरी भाव लावायचा, यावर वाद घालत बसू नकोस. एक पद्धत धर आणि मध्येच बदलू नकोस.

गव्हाणीत उरलेलंही शिल्लकच आहे. साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीने गव्हाण वाचायची ० ते ४ गुणांची पद्धत बसवली आहे. ० म्हणजे गव्हाण चाटून रिकामी, ४ म्हणजे खुराकाला जवळजवळ तोंडच लावलेलं नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, पहिला खुराक पडायच्या आधी, शक्यतो एकाच माणसाने वाचायची. झाडून बाहेर टाकलं तर वजन करून टाकायचं.

आणि तो ‘समायोजन’ नावाचा रकाना काढून टाक. मागच्या मालकाच्या वेळचा असेल, तरी काढ. शिल्लक उणे दिसायला लागली की कुणीतरी तिथे एक आकडा टाकतं आणि सगळं पुन्हा जुळतं. तो रकाना म्हणजे उकिरडा आहे. ज्याला उत्तर नाही ते तिथे नेऊन टाकायचं. तूट लिहायचीच आहे तर ‘तूट’ असं लिही, कोणत्या मालाची, किती किलो, आणि काय शोधलं. कारण सापडलं नाही तर ‘कारण सापडलं नाही’ असं लिही. त्यात लाज कसली?

माझ्याबद्दल तुला लोकांनी सांगितलंच असेल. म्हातारा गोणी मोजत बसतो, दाण्या-दाण्याचा हिशेब मागतो. माझ्याकडचा सगळ्यात चांगला मिक्सरवाला या मोजणीपायी सोडून गेला. त्याला वाटलं, मी त्याच्यावर चोरीचा संशय घेतोय. तसा संशय माझ्या मनात कधीच नव्हता, आणि नसलेल्या संशयाचा खुलासा काय करायचा म्हणून मी गप्प राहिलो. तो गेल्याचं अजून वाईट वाटतं. मोजल्याचं वाटत नाही. भागीदारही म्हणायचा, तूट दोन-तीन टक्के तर असणारच, तेवढ्यासाठी सकाळ कशाला घालवतोस? असणारच, मान्य. पण दोन आहे की सात, हे न मोजता त्याला कसं कळत होतं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. आमची भागीदारी नंतर सुटली. दोष माझ्या स्वभावाला दे हवा तर, माझ्या वहीला देऊ नकोस.

आणि हे पैशांपुरतं आहे असं समजू नकोस. खुराकात चिमटीने घालायचा युरिया, मोनेन्सिन या औषधाचं प्रीमिक्स (आधीच मिसळून आलेली पूड), खनिज मिश्रण, या लहान गोणींची शिल्लक महिन्याने बघायची नसते, रोज संध्याकाळी बघायची असते. आज मिक्सरच्या जितक्या खेपा झाल्या त्या हिशेबाने युरिया कमी व्हायला हवा. जास्त कमी झाला असेल, तर कुठल्यातरी कप्प्यातल्या जनावरांपुढे तो जास्त पडला असणार, आणि युरियाची विषबाधा तुझ्या महिनाअखेरची वाट बघत नाही. कमी झालाच नसेल, तर जनावरांना तो मिळालेलाच नाही. मोनेन्सिन गुरांना योग्य प्रमाणात चालतं, घोड्याला थोडंसंही जिवावर बेततं. तुझ्याकडे घोडा आहे असं लिहिलं आहेस, म्हणून मुद्दाम सांगतो: त्याच मिक्सरमधून त्याचा खुराक काढू नकोस.

सॉफ्टवेअर घ्यायचं तर घे, मी अडवणारा कोण. पण येत्या पहिल्या तारखेला, सकाळचा खुराक भरायच्या आधी, सगळा माल मोज. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच वेळी, पुन्हा मोज. मग मला प्रत्येक मालाचे चार आकडे पाठव: सुरुवातीला मोजलेलं, महिन्यात आलेलं, काट्याप्रमाणे घातलेलं, शेवटी मोजलेलं. आलेल्या मालाच्या पावत्यांसोबत तुझ्या स्वतःच्या काट्याची वजनंही जोड. खड्ड्याच्या उंचीची मापं वेगळ्या कागदावर लिही, कुठे कुठे घेतली त्यासह.

कळावे, लोभ असावा.